बचतीचे पैसे कोणी घालायचे?



कल्याणहून लोकलने मुंबईच्या दिशेला निघाले, की पहिले स्टेशन लागते ते ठाकुर्लीचे. आज तिथे इमारतींची दाटी आहे. पण जुन्या माणसांच्या मनात ठाकुर्ली म्हणजे पॉवर हाऊस. चोळे गावाजवळचे म्हणून त्याला चोळा पॉवर हाऊसही म्हणत. जी.आय.पी. रेल्वेने १९२९ साली ते सुरू केले. कोळसा जाळायचा, पाण्याची वाफ करायची, वाफेवर चक्र फिरवायचे आणि निघालेल्या विजेवर गाड्या बोरघाट नि थळघाट चढवायच्या, असा तो कारखाना. १९८० च्या दशकात तो बंद पडला.

पुढे २०११ सालच्या रेल्वे अर्थसंकल्पात ठाकुर्लीला ७०० मेगावॅटचे नवे वीज केंद्र उभारण्याची घोषणा झाली. या खेपेला ते कोळशावर नव्हे, गॅसवर चालायचे होते. ते काही उभे राहिले नाही. त्याच वर्षांत कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या समुद्रातून येणारा गॅस झपाट्याने घटत गेला, आणि आपल्या कोकणातले दाभोळचे उभे केंद्रसुद्धा गॅसवाचून थंड पडले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

पण गॅस ठाकुर्लीला आलाच. तो जमिनीखालच्या नळातून थेट स्वयंपाकघरात आला. मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली या पट्ट्यात महानगर गॅस ही १९९५ साली निघालेली कंपनी घरोघर नळाने गॅस पुरवते. सिलिंडर नाही, नंबर लावणे नाही. भिंतीवर मीटर आणि ठरल्या मुदतीने बिल.

तुम्ही म्हणाल, हे शहरातले कौतुक आम्हाला कशाला सांगता? आमच्याकडे लाल सिलिंडर आहे, पलीकडे चूल आहे, आणि ज्याच्या गोठ्यात चार जनावरे आहेत त्याच्याकडे गोबरगॅस. ते खरे. पण आज जो हिशेब मांडायचा आहे तो नळाच्या गॅसला जसा लागू, तसाच तुमच्या विहिरीवरच्या मोटारीलाही लागू आहे. नळावर तो स्वच्छ दिसतो, म्हणून तिथून सुरुवात करू.

विकणाराच म्हणतो, कमी घ्या

मीठ विकणारा कधी म्हणत नाही की आळणी खा. पण जगात अशा गॅस कंपन्या आहेत, की त्या गिऱ्हाइकाला सांगतात, 'आमचा गॅस कमी जाळा, आणि त्यासाठी लागणाऱ्या नव्या शेगडीला आम्ही पैशाची मदत करतो.' हे दानधर्म म्हणून चालत नाही. त्याला हिशेबाचा पाया आहे. तो समजून घेतला, म्हणजे बचतीच्या नावाने येणारी कोणतीही योजना पारखता येते.

आधी शेगडीकडे पाहू. सिलिंडरमधला गॅस वेगळा आणि नळातला वेगळा. सिलिंडरचा गॅस जड असतो. नळातला गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, तो हलका असतो आणि कमी दाबाने येतो. घरी नळ आला, की बहुतेक लोक जुनीच शेगडी ठेवतात. मिस्त्री येतो, बर्नरखालच्या जेटचे भोक मोठे करतो आणि जातो. शेगडी पेटते, स्वयंपाक होतो, पण तिचा बांधा सिलिंडरच्या गॅससाठीचा असतो. दुसऱ्याच्या मापाने शिवलेला सदरा अंगात गेला तरी बसत नाही, तशातली गत.

पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था, म्हणजे लोक जिला पीसीआरए म्हणतात ती, आणि डेहराडूनची भारतीय पेट्रोलियम संस्था यांनी यात लक्ष घातले. अशा बदललेल्या शेगडीवर १०० भाग उष्णतेतले सुमारे ४० भागच भांड्याला लागतात, बाकीचे हवेत जातात. म्हणून त्यांनी नळाच्या गॅससाठी मुद्दाम वेगळी शेगडी तयार केली. तिच्यात सुमारे ५५ भाग भांड्याला लागतात. अशा १० लाख शेगड्या लोकांपर्यंत पोहोचवायच्या, असा करार पीसीआरएने ईईएसएल या सरकारी कंपनीबरोबर केला.

घराचा हिशेब

आता पाटी-पेन्सिल घ्या. पुढचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. ते कोणत्याही कंपनीचे दर नव्हेत.

एका घराला महिन्याला १२ युनिट गॅस लागतो असे धरू. दर युनिटला ५० रुपये. बिल झाले ६०० रुपये. नव्या शेगडीवर तोच स्वयंपाक पावणेनऊ युनिटांत होतो. सव्वातीन युनिट वाचले, म्हणजे महिन्याला १६२ रुपये. शेगडीची किंमत अडीच हजार धरली, तर ती पंधरा-सोळा महिन्यांत फिटते. पुढे सगळा नफा.

मग लोक धावत जाऊन शेगडी का घेत नाहीत? कारण अडीच हजार आज द्यावे लागतात आणि १६२ रुपये महिन्या-महिन्याने येतात. शिवाय ते येताना दिसत नाहीत. कोणी हातावर पैसे ठेवत नाही, फक्त बिल थोडे कमी होते. भाड्याच्या घरात राहणारा म्हणतो, उद्या घर सोडायचे, कशाला खर्च करू? घरात पैशाचा निर्णय एकाचा आणि शेगडीपुढे उभी राहणारी दुसरी. ठिबक सिंचनाचे आपल्याकडे असेच झाले. फायदा सगळ्यांना कळत होता, तरी पहिल्या खर्चाला अनुदान मिळेपर्यंत नळ्या फारशा वावरात उतरल्या नाहीत.

कंपनीचा हिशेब

आता कंपनीच्या गादीवर बसून पाहा. ५० रुपयांतले ४० रुपये गॅस विकत घेण्याचे आणि १० रुपये नळ, मीटर, माणसे, देखभाल यांचे, असे धरू. शहरात १ लाख घरे आहेत. दरमहा १२ लाख युनिट खपतात. म्हणजे नळाच्या खर्चापोटी कंपनीला महिन्याला १ कोटी २० लाख मिळतात आणि तेवढाच तिचा खर्च आहे.

त्यातल्या निम्म्या घरांनी नव्या शेगड्या घेतल्या. खप १२ लाखांवरून १० लाख ३७ हजार ५०० युनिटांवर आला. गॅसची खरेदी कमी झाली हे चांगलेच. पण जमिनीखालचा नळ काही आखूड झाला नाही. मीटर वाचणारा माणूसही तोच आहे. १ कोटी २० लाखांचा खर्च तसाच राहिला आणि तो आता कमी युनिटांवर वाटायचा आहे. पूर्वी युनिटला १० रुपये बसत होते, आता साडेअकराच्या थोडे वर बसतात.

ज्याने शेगडी बदलली त्याचे बिल ६०० वरून सुमारे ४५१ वर येते. दर थोडा वाढला तरी तो फायद्यातच आहे. पण ज्याने शेगडी बदलली नाही, त्याचे बिल ६०० चे सुमारे ६१९ होते. त्याने काहीच केले नाही, तरी त्याला १९ रुपयांचा भुर्दंड. आणि दर वाढवू दिला नाही, तर तीच तूट कंपनीच्या अंगावर. म्हणूनच, वरून कोणी बंधन घातल्याशिवाय किंवा तूट भरून दिल्याशिवाय विकणारा मनापासून बचतीच्या मागे लागत नाही. भिंतीवर 'इंधन वाचवा' लिहील, शाळेत निबंध स्पर्धाही घेईल. पण शेगडी बदलायला पैसे काढणार नाही.

तोट्यात विकतो, त्याला बचत गोड

याच्या उलटे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढा भागात शेतीपंपांची योजना झाली. देशातली या प्रकारची ती पहिली. ऊर्जा दक्षता ब्युरो आणि महावितरण यांनी मिळून २,२०९ जुने पंप काढून चांगल्या ताऱ्यांचे नवे पंप बसवले. वर्षाला सुमारे ६१ लाख युनिट वीज वाचली. पंपामागे हिशेब केला तर वर्षाला साधारण २,७५० युनिट.

इथे वीज कंपनीला बचत का रुचली? शेतीची वीज ती खर्चापेक्षा कमी दरात विकते. म्हणजे शेतात न जाळलेले प्रत्येक युनिट म्हणजे तिचा टळलेला तोटा. त्या टळलेल्या तोट्यातून पंपाचे पैसे फेडता येतात. गॅस कंपनी दर युनिटमागे मिळवते, म्हणून ती कचरते. वीज कंपनी शेतीच्या युनिटमागे गमावते, म्हणून ती पुढे येते. ज्याच्या त्याच्या खिशाला जे परवडते, तेच तो करतो. योजना आखणाऱ्याने हे आधी ओळखावे.

मात्र इथे शेतकऱ्याची बाजू वेगळी आहे, तीही सांगितली पाहिजे. ज्याच्या पंपाला मीटर नाही आणि बिल अश्वशक्तीवर येते, त्याला युनिट वाचले काय नि न वाचले काय, बिल तेवढेच. आता तर एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांच्या बिलाचा भार राज्य सरकारने उचलला आहे. तेव्हा बचतीचा पैसा शेतकऱ्याच्या हाती पडत नाही. मग तो नवा पंप का सांभाळील? त्याला पाण्याची धार पूर्वीइतकी हवी, मोटर जळू नये आणि जळलीच तर दुरुस्ती लगेच व्हावी. हे योजनेच्या कागदात नसेल, तर वर्षभरात जुना पंप पुन्हा विहिरीवर चढतो.

चार पिशव्या

तर मग पैसे कोणी घालायचे? जगभर पाहिले तर चारच पिशव्या आहेत.

पहिली पिशवी घराची स्वतःची. ज्याची ऐपत आहे त्याने आपल्या पैशाने घ्यावे. हे सरळ आहे, पण गरीब मागे राहतो.

दुसरी पिशवी सरकारची. आपल्याकडे १९७४ साली तेल उद्योग विकासाचा कायदा झाला आणि देशात निघणाऱ्या कच्च्या तेलावर उपकर बसला. तेल उद्योग विकास मंडळ त्या कायद्यातून उभे राहिले. १९७८ साली स्थापन झालेल्या पीसीआरएच्या कामाला पैसा येतो तो याच मंडळाकडून. म्हणजे बचतीच्या प्रचाराचा खर्च शेवटी देशातल्या तेलातूनच निघतो.

तिसरी पिशवी सगळ्या गिऱ्हाइकांची मिळून. प्रत्येकाच्या बिलात थोडा अधिभार लावायचा आणि जमलेल्या पैशातून योजना चालवायच्या. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात २००१ पासून गॅसच्या बिलावर असा अधिभार आहे. मिनेसोटा या थंडीच्या आणि शेतीच्या राज्यात १९९१ च्या कायद्याने वेगळी वाट धरली. गॅस कंपनीने आपल्या उत्पन्नातला अर्धा टक्का बचतीच्या कामावर खर्च केलाच पाहिजे आणि वीज कंपनीने दीड टक्का, असा दंडक घातला.

चौथी पिशवी सावकाराची, पण भल्या सावकाराची. एखादी कंपनी आपले पैसे आधी घालते आणि वाचलेल्या रकमेतून ते हप्त्याने परत घेते. आपल्याकडे एलईडी दिव्यांचे हेच झाले. ईईएसएलने लाखांनी दिवे एकदम खरेदी केले. २०१४ साली तिला जो दिवा ३१० रुपयांना पडत होता, तो २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. एकेकट्याने दुकानात जाऊन ही किंमत कधी मिळाली नसती. पुष्कळ ठिकाणी लोकांनी ते पैसे वीज बिलातून दरमहा दहा-दहा रुपये असे फेडले. खत आणि बियाणे सोसायटीमार्फत एकत्र घेण्यात जो शहाणपणा आहे, तोच यात आहे.

आणि विकणाऱ्याची तूट? त्यावर कॅलिफोर्नियाने १९७८ साली गॅस कंपन्यांपुरता तोडगा काढला. नळ, माणसे, देखभाल यांचा वर्षाचा खर्च आयोगाने आधी ठरवून द्यायचा. खप घटला तर दर किंचित वाढवून तो भरून द्यायचा आणि खप वाढला तर जादा आलेले लोकांना परत करायचे. म्हणजे जास्त विकून कंपनीचा नफा वाढत नाही आणि कमी विकून बुडत नाही. गड्याला पोत्यावर मजुरी न देता सालाने ठेवले, म्हणजे पोती वाढवण्याची त्याला हाव राहत नाही, तसेच हे. चार वर्षांनी, १९८२ साली, त्यांनी विजेलाही तोच नियम लावला.

आखणी कशी करतात

आपण खरिपाची तयारी करतो ती कशी? जमीन किती, पाणी किती, बी-खताला पैसा किती, कोणत्या पिकाला बाजार. बचतीच्या योजनेची आखणी याहून वेगळी नाही.

आधी मोजणी. किती घरे, किती हॉटेले, किती कारखाने, कोण किती गॅस कशासाठी जाळतो. घरात स्वयंपाक किती, आंघोळीचे पाणी किती. हे न मोजता योजना केली, तर ती पाणी न पाहता ऊस लावण्यासारखी होईल.

मग उपायांची यादी आणि प्रत्येकासमोर दोन आकडे, खर्च किती आणि वाचेल किती. आपल्या शेगडीचे पाहू. ती १० वर्षे टिकेल असे धरले, तर महिन्याला सव्वातीनप्रमाणे ३९० युनिट वाचतात. अडीच हजारांना ३९० ने भागा. वाचवलेले एक युनिट साडेसहा रुपयांच्या आत पडले. विकतचे युनिट ४० रुपयांचे. म्हणजे शेगडी हाच सगळ्यांत स्वस्त गॅस. ती नुसती खर्चाची बाब न राहता विहिरीसारखे साधन ठरते. ज्या उपायात वाचवलेले युनिट विकतच्या युनिटापेक्षा महाग पडते, तो यादीतून काढायचा, मग तो दिसायला कितीही झकपक असो.

तिसरे, एकाच उपायाकडे अनेकांच्या नजरेने पाहायचे. घेणाऱ्याला फायदा आहे का, कंपनीला काय पडते, जो घेत नाही त्याच्यावर किती भार येतो आणि सगळ्या समाजाचा मिळून नफा होतो की तोटा? १९८३ साली कॅलिफोर्नियाने या तपासण्यांची पद्धत पुस्तकात बांधून दिली. मघाचे ते १९ रुपये या तपासणीत उघडे पडतात. म्हणूनच चांगल्या योजनेत गरीब घरांसाठी वेगळा वाटा राखून ठेवतात. नाहीतर ज्याला अधिभार झेपत नाही तो भरत राहतो आणि शेगडी मात्र बंगल्यात जाते.

चौथे, पैसा एका वर्षाचा नको. तीन-चार वर्षांचा ठरलेला हवा. एका हंगामात बाग लावून पुढच्या हंगामात पाणी तोडले तर काय राहील?

महाराष्ट्रात विजेच्या बाबतीत वीज नियामक आयोगाने २०१० साली अशा आखणीचे नियम केले. वीज कंपनीने योजना मांडायची, आयोगाने तपासायची आणि मग खर्चाला परवानगी द्यायची.

किती वाटले, की किती वाचले?

सगळ्यांत नाजूक जागा पुढेच आहे आणि ती गावच्या बायांना कोणी सांगायला नको. १९८३ पासून केंद्र सरकारने सुधारित चुलींचा कार्यक्रम चालवला. देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली बसल्या. २००२ साली तो कार्यक्रम गुंडाळला. चूल वाईट होती असे नव्हे, चांगल्या बांधलेल्या चुलीने धूर आणि सरपण दोन्ही वाचत. पण वरून मोजणी व्हायची ती किती चुली बसवल्या याची. किती पेटतात, किती घरांत धुरांडे तुंबून पडले, किती बायांनी फोडून पुन्हा तीन दगड मांडले, याकडे नीट लक्ष गेले नाही. आकडा पुरा झाला आणि सरपणाचा भारा डोक्यावरून उतरला नाही.

मिनेसोटालाही हे कळायला वेळ लागला. १९९१ च्या कायद्यात किती पैसे खर्च केले एवढेच पाहिले जाई. २००७ साली त्यांनी कायदा बदलला आणि दरवर्षी विक्रीच्या दीड टक्का बचत करून दाखवा, असे उद्दिष्ट घातले. मग बदल करण्यापूर्वीची आणि नंतरची बिले ताडून पाहणे आले. ज्याने अनुदान नसते तरी शेगडी घेतलीच असती, त्याची बचत योजनेच्या खात्यावर मांडायची नाही, हेही आले. दुधाचे पैसे फॅट लावून मिळतात, नुसत्या कॅनच्या संख्येवर नाही. बचतीलाही असेच फॅट लावायला हवे.

नळ शेताखालून जातो

आणखी एक गोष्ट. शहराला गॅस हवा असेल तर तो कुठून तरी आणावा लागतो, आणि मोठे नळ शेतांखालूनच जातात. त्यासाठी १९६२ चा कायदा आहे. जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहते, कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो. पिकाच्या नुकसानीची भरपाई मिळते आणि वापराच्या हक्कापोटी जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के रक्कम. पण त्या पट्ट्यावर पुढे घर बांधता येत नाही, विहीर खणता येत नाही, झाड लावता येत नाही. तेव्हा शहरातल्या स्वयंपाकघरात वाया जाणाऱ्या गॅसशी आपला काही संबंध नाही असे समजू नका. तिकडची उधळपट्टी वाढली, की आणखी एका नळाची आखणी कोणाच्या तरी बांधावर येऊन ठेपते.

आपल्या घरी

आता आपल्या घरापुरते. सिलिंडरच्या शेगडीने मानकाप्रमाणे निदान ६८ भाग उष्णता भांड्याला दिली पाहिजे. आपली देते का हे ज्योत सांगते. ज्योत निळी हवी. पिवळी झाली, भांडी काळी पडू लागली, की बर्नरची भोके तुंबली असे समजा. बर्नर गार झाल्यावर काढून घासा, पण जेटमध्ये स्वतः तार घालू नका, ते जाणत्या माणसाकडून करून घ्या. डाळ-कडधान्य आधी भिजवा. भांड्यावर झाकण ठेवा. उकळी आली की ज्योत बारीक करा, कारण उकळते पाणी मोठ्या ज्योतीने अधिक तापत नाही, नुसते आटते. भांड्याच्या कडेने ज्योत वर येत असेल तर ती घर तापवते आहे, अन्न नाही.

गोबरगॅस असेल, तर गोठा हीच तुमची गॅस कंपनी. साधारण २५ किलो ताज्या शेणापासून १ घनमीटर गॅस मिळतो. म्हणजे २ घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण, चार-पाच जनावरांचे. नीट चालले तर महिन्याला २५ किलोच्या आसपास सिलिंडरच्या गॅसची जागा ते भरून काढते. थंडीत उत्पादन घटते, तेव्हा नळीतले पाणी काढणे, गळती पाहणे आणि बर्नर साफ ठेवणे यांनीच ते दिवस निभावतात. त्यावरची शेगडीही बायोगॅसचीच असू द्या. सिलिंडरची शेगडी जोडून भोक मोठे करण्याची चूक शहरातलीच पुरे.

आणि गावात बचतीची कोणतीही योजना आली, शेगडीची असो, पंपाची असो की दिव्यांची, ग्रामसभेत उठून पाच प्रश्न विचारा. पैसा कोणत्या पिशवीतून येतो? आमच्या बिलातून काही कापणार का, आणि किती दिवस? ज्यांची ऐपत नाही त्यांचा वाटा किती? वस्तू बिघडली तर दुरुस्ती कोण करणार आणि किती वर्षे? आणि वर्षाने किती वाचले हे कोण मोजणार, ते आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागतील का? उत्तरे मिळाली तर योजना जरूर घ्या. तोंड चुकवले तर थांबा.

बचत फुकट होत नाही. विहिरीला, गोठ्याला, बैलजोडीला जसे भांडवल लागते, तसे तिलाही लागते. ते कोणी घातले, फायदा कोणाच्या पदरात पडला आणि मोजले कोणी, या तीन गोष्टी उघड असल्या, की तिच्याइतके भरवशाचे पीक नाही. ते ना अवकाळीने झोपते, ना त्याचा भाव पडतो.